हेडफोनमधल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

घरात सायकल चालवून ऑनलाइन शर्यती खेळणाऱ्या आपल्या संघाचं कॅप्टनपद सोडत असल्याचं तुम्ही परवा सांगितलंत आणि कुणी तोंड उघडायच्या आत "चला, वॉर्मअप सुरू करा" म्हणून विषय मिटवून टाकलात. म्हणून हे पत्र जाहीर. खासगीत लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या झाला असतात. शिवाय जिच्या घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, चढवलेली सायकल आहे, पण 'रेस' म्हटलं की पोटात गोळा येतो, अशी एखादी हे वाचेल, तर तिलाही चार गोष्टी कळतील.

आपण एकमेकींना अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुम्ही म्हणजे माझ्यासाठी हेडफोनमधला आवाज, त्यामागे पंख्याची घरघर आणि पडद्यावर पिवळ्या हेल्मेटातली एक आकृती. पण गेल्या काही वर्षांत माझ्या शरीराबद्दल तुमच्याशी मी जितकं मोकळेपणाने बोलले, तितकं सख्ख्या बहिणीशीही बोललेले नाही.

आमच्याकडे सायकल घरात आली ती हौसेने नव्हे. सासूबाई आजारी होत्या, त्यांना एकटं सोडून दोन तास बाहेर जाणं शक्य नव्हतं. शेजारच्या खोलीत सायकल, दार सताड उघडं, एका कानात हेडफोन आणि दुसरा कान त्यांच्या हाकेकडे. झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंग खेळातल्या वाटोपिया बेटावर मी ज्वालामुखीभोवती एकटीच फेऱ्या मारायचे. शर्यतींची यादी रोज दिसायची. त्यापुढची ए, बी, सी, डी ही गटांची अक्षरं आणि वजनाच्या दर किलोमागे किती ताकद लावता ते सांगणारे वॉटचे आकडे पाहिले की मी ते पान बंद करायचे. व्यायाम होतोय ना, मग झालं, असं घरचे म्हणत आणि मीही म्हणे.

एका ग्रुप राइडमध्ये तुम्ही विचारलंत, "रेस का करत नाहीस?" मी म्हटलं, "मी फार हळू आहे हो." इथे बहुतेक जणी "छे गं, छान चालवतेस" म्हणतात. तुम्ही म्हणालात, "हळू म्हणजे किती? आकडा सांग."

सांगितला. वीस मिनिटांच्या चाचणीत सरासरी 124 वॉट. त्याचे 95 टक्के धरले की एफटीपी, म्हणजे साधारण तासभर रेटता येईल अशी ताकद, आली 118 च्या घरात. वजन 60 किलो, म्हणजे किलोमागे दोनला थोडे कमी. तुम्ही म्हणालात, "मग डी गट. डी गटातही शर्यती होतात. अडलंय कुठे?"

या एका प्रश्नासाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्ही मला धीर दिला नाहीत, हिशेब दिलात.

पहिल्या काही शर्यतींत मी सुरुवातीलाच घोळक्याच्या मागे पडले आणि रडकुंडीला आले. माझ्याच गटातले, किलोमागे माझ्याइतकेच वॉट काढणारे पुरुष सपाटीवर भुर्रकन निघून जायचे. तेव्हा तुम्ही समजावलेलं गणित मी आता प्रत्येक नवीन मुलीला समजावते. "तुझे 60 किलो, किलोमागे 2 वॉट, झाले 120. शेजारच्या 90 किलोच्या बुवांचे त्याच दराने 180. सपाट रस्त्यावर झुंज हवेशी असते. तिथे तुझं कमी वजन फारसं कामाला येत नाही, त्याचे जास्तीचे 60 वॉट मात्र येतात. चढ लागला की पारडं सारखं होतं. तू हळू नाहीस, हलकी आहेस. चढ असलेला मार्ग निवड, नाहीतर फक्त बायकांची शर्यत निवड." 2024 पासून झ्विफ्टवर निकालांच्या आधारे 0 ते 1000 असा रेसिंग स्कोअर मिळू लागला, त्यामुळे हा जाच पुष्कळ कमी झाला. तरी किलोमागे वॉट हेच सर्वस्व मानून स्वतःला कमी लेखणाऱ्या बायका मला अजून भेटतात.

वजनाचं प्रकरण तर वेगळंच. खेळात वजन खरं लिहावं लागतं, कारण त्यावरच पडद्यावरचा वेग ठरतो. आपल्या वजनाचा आकडा कुठेतरी टाइप करायचा म्हटलं की हात अडखळतो, हे पुरुष कॅप्टनला सांगूनही कळलं नसतं. तुम्ही म्हणालात, "तो आकडा तुझ्याबद्दल काही सांगत नाही. गुरुत्वाकर्षणाला लागतो, म्हणून द्यायचा." आणि वजन घटवून वरच्या गटात जायचं खूळ एकीच्या डोक्यात शिरलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर स्पष्ट बोललात की पुरेसं न खाता इतकं घाम गाळणं सुरू ठेवलं तर पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात, आणि असल्या प्रयोगांना आपल्या संघात जागा नाही. त्या दिवशी तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आणि सीट! याबद्दल कुणी लिहीत कसं नाही? रस्त्यावर सायकल डुलते, खड्डा आला की आपण उठतो, सिग्नलला उतरतो. ट्रेनरवर ती जागची हलत नाही आणि आपणही नाही. सगळा भार एकाच जागी तासभर. मला वाटायचं, बाईच्या जातीला हा खेळ मानवतच नसावा. तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंत, "पॅडवाल्या शॉर्टच्या आत आणखी काही घालतेस का?" घालत होते. ते काढायचं, त्वचेवर क्रीम लावायचं, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, सीटचं नाक किंचित खाली आणि रुंदी बसायच्या हाडांच्या मापाची. पुढच्या आठवड्यात मी माणसात आले. पंख्याचंही तसंच. घरात अंगावर वारा येत नाही, शरीर तापतं आणि ताकद असूनही वॉट खाली येतात, हे तुम्ही सांगेपर्यंत मी एका टेबल फॅनवर भागवत होते आणि फ्रेमवर घामाचे ओघळ वाळून पांढरे पडत होते.

डावपेचही तुमचेच. घड्याळ शून्यावर यायच्या आधीच पेडल जोरात फिरत हवेत, कारण सगळे थांबल्या जागेवरून सुटतात आणि पहिल्या मिनिटात जो घोळका बनतो, त्यात असलं तरच पुढच्याच्या आडोशाचा फायदा मिळतो. पिसाचा पॉवर-अप, म्हणजे खेळातली तात्पुरती मदत, मिळाला तर चढावरच वापरायचा, काही सेकंद वजन हलकं होतं. ट्रेनर डिफिकल्टी, म्हणजे चढ पायाला किती जाणवावा ही सेटिंग, कमी केली की चढ पायाला सौम्य लागतो, पण वर पोचायला लागणारे वॉट तेवढेच राहतात, त्यामुळे ती कमी करण्यात लबाडी नाही. मी मात्र कित्येक महिने ती पूर्ण ठेवून आल्प द झ्विफ्ट या खेळातल्या घाटावर गुडघे झिजवत होते. 21 वळणं, 12 किलोमीटरच्या वर लांबी, हजार मीटरच्या वर चढाई. वर आपलं कौतुक करायला कुणी उभं नसतं, ते सोडा.

एक शर्यत मात्र मला सविस्तर सांगायची आहे. फक्त बायकांची होती, शेवटी छोटा चढ. मी तुमच्या मागच्या चाकाला चिकटून होते, तुम्ही कानात सांगत होतात, "आत्ता पुढे जाऊ नकोस. बस तिथेच. उजवीकडची दमली आहे, तिचे वॉट बघ, वरखाली होताहेत." तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाक आली. मी पेडलमध्ये अडकवलेले बुटांचे क्लिट सोडवून उतरले. सासूबाईंना पाणी हवं होतं आणि उशी सरकली होती. परत आले तेव्हा माझी आकृती रस्त्याकडेला एक पाय टेकवून उभी होती आणि तुम्ही कधीच दिसेनाशा झाला होतात.

तुम्ही थांबला नव्हतात. खरं सांगते, क्षणभर वाईट वाटलं. मग मी पुन्हा चढले आणि एकटीने शर्यत पुरी केली. नंतर तुम्ही विचारलंत, "आई ठीक आहेत ना?" आणि लगेच, "निकालात नाव आलंय तुझं. थांबल्यानंतरचे वॉट आधीपेक्षा जास्त आहेत, बघितलेस?" माझ्यासाठी थांबून तुम्ही स्वतःची शर्यत सोडली असतीत, तर मी पुन्हा नाव नोंदवलंच नसतं. कुणाची अडचण होऊन राहायचं मला पुरेसं माहीत होतं. स्पर्धक कुणी मानलं नव्हतं.

सासूबाई गेल्या त्यानंतरचे दोन महिने मी सायकलला हात लावला नाही. तुम्ही बोलावणं धाडलं नाहीत, फक्त दर मंगळवारच्या संघाच्या यादीत माझं नाव राखीव म्हणून ठेवत राहिलात. ते मी बघत होते.

या खेळाचा जुना इतिहासही तुम्हीच ऐकवलात, तोही नेमका आम्ही धापा टाकत असताना. 2020 च्या जुलैत झालेल्या आभासी टूर द फ्रान्समध्ये बायकांना पुरुषांइतकेच, सहा टप्पे होते, त्याच मार्गांवर. त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद झालं, तेही स्त्री-पुरुषांना एकाच मार्गावर, आणि दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ जिंकली. खऱ्या रस्त्यावरची बायकांची टूर द फ्रान्स फाम मात्र 2022 मध्ये सुरू झाली, आणि तिच्या नावातही झ्विफ्ट आहेच. 2016 च्या झ्विफ्ट अकॅडमी या निवड-उपक्रमातून लिया थॉर्व्हिल्सन ही मॅरेथॉन धावणारी बाई थेट व्यावसायिक संघात गेली, ही गोष्ट तुमची लाडकी. मला ती तितकीशी आवडत नाही, हे आता सांगूनच टाकते. अशा गोष्टींमुळे वाटत राहतं की खोलीत बसून पेडल मारण्याला अर्थ यायचा तर शेवटी कुणीतरी करार घेऊन दार ठोठवायला हवं. मला करार नको. मला डी गटात पाचवी यायचं आहे, आणि त्या पाचव्या क्रमांकासाठी शेवटच्या तीनशे मीटरला डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत झगडायचं आहे. हा हावरेपणा तुम्हीच लावलात.

आता कामाचं. सांघिक टाइम ट्रायलला, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या संघाच्या शर्यतीला, कोण किती सेकंद पुढे राहणार याचं तुमचं कोष्टक कृपा करून पाठवा. मला वीसच सेकंद दिलेले असायचे आणि मी मनातून चिडायचे. आता ते वेळापत्रक मलाच आखायचं आहे, तर कळतंय की मागे उरलेली ताकदच शेवटी संघाला ओढते. प्रत्येक मार्गाच्या तुमच्या नोंदीही हव्यात, कुठे चढ सुरू होतो, कुठे घोळक्यात फट पडते त्या. नवीन दोघी येताहेत. एकीने वजन विचारल्यावर मेसेजला उत्तर देणं थांबवलं आहे, तिच्याशी पहिल्यांदा तुम्हीच बोललात तर बरं.

आणि कॅप्टनपद सोडलंत तरी मंगळवारी नाव नोंदवा. पाय मोकळे करायला म्हणून नाही, जिंकायला. मी तुमच्यासाठी थांबणार नाही.

तुमची,
डी गटातली हलकी