डोनेगलचे डोंगर ओसाड का आहेत, हेही छापावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आयर्लंडविषयीचा प्रवासलेख वाचला. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात डोनेगल काउंटीचा उल्लेख 'वेळ उरल्यास पाहण्याजोगा निर्जन प्रदेश' असा आला आहे. माझा मुलगा या काउंटीतील लेटरकेनी या गावी नोकरीस असल्याने मी तेथे दोनदा, प्रत्येक खेपेस दोन-अडीच महिने राहिले आहे. त्या वास्तव्याच्या आधारे लेखातील एक चूक दुरुस्त करावी, आणि 'निर्जन' या शब्दाविषयी जरा विस्ताराने लिहावे, म्हणून हे पत्र.

चूक लहान आहे. मोहेरचे कडे आयर्लंडमधील सर्वांत उंच असल्याचे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्षात त्यांची उंची २१४ मीटर आहे. डोनेगलमधील स्लीव्ह लीगचा डोंगर समुद्रातून थेट सुमारे ६०० मीटर वर चढतो, आणि मेयो काउंटीतील अखिल बेटावरचा क्रोहॉन त्याहूनही उंच आहे. बनग्लासच्या टोकावरून स्लीव्ह लीग पाहताना खाली फिरणारे समुद्रपक्षी पांढऱ्या ठिपक्यांएवढे दिसतात, तेव्हा कुठे त्या उंचीचा अंदाज येतो. ढग उतरले तर मात्र काहीच दिसत नाही, म्हणून तेथे जाणाऱ्याने एक दिवस हाताशी राखून ठेवावा.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब प्रवासाच्या वाटेची आहे. डोनेगल हा आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचा भाग असला, तरी १९२१च्या फाळणीनंतर त्याची जमिनीवरची जवळजवळ सगळी सीमा उत्तर आयर्लंडला, म्हणजेच युनायटेड किंग्डमला, लागून राहिली. दक्षिणेला लीट्रिम काउंटीशी जोडणारी जेमतेम काही किलोमीटरची चिंचोळी पट्टी तेवढी उरली. काउंटीत आता रेल्वे उरलेली नसल्यामुळे बस किंवा मोटार हाच पर्याय आहे, आणि डब्लिनहून लेटरकेनीला जाणारा नेहमीचा रस्ता ओमा आणि स्ट्रबेन या उत्तर आयर्लंडमधील गावांवरून जातो. वाटेत चौकी नाही, पारपत्र कोणी मागत नाही, आणि त्यामुळेच केवळ आयर्लंडचा व्हिसा असलेला भारतीय प्रवासी नकळत दुसऱ्या देशात शिरतो. दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेखालील व्हिसा नसेल, तर स्लायगो आणि बंडोरनमार्गे जाणारा लांबचा रस्ता धरणेच योग्य होय. लेखात एवढे एक वाक्य असते तरी ते अनेकांच्या उपयोगी पडले असते.

आता 'निर्जन' या शब्दाकडे वळते. लेखात ग्लेनव्हे राष्ट्रीय उद्यानाचे छायाचित्र आहे: लांबट तळे, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि काठावर करड्या दगडाचा किल्लेवजा वाडा. तो वाडा जॉन जॉर्ज अडेर नावाच्या जमीनदाराने १८७०च्या सुमारास बांधला. त्याच्याच जहागिरीत डेरीव्हे नावाचा भाग होता. नोव्हेंबर १८६०मध्ये त्याचा कारभारी डोंगरात मारला गेला. खुनी हाती लागला नाही, तेव्हा अडेरने तेथील सर्वच कुळांना त्याबद्दल शिक्षा करण्याचे ठरवले. एप्रिल १८६१मध्ये शेरीफ, पोलीस आणि पहारी घेतलेली माणसे आली, आणि तीन दिवसांत ४७ कुटुंबांतील २४४ माणसे घराबाहेर काढली गेली. कित्येक घरांची छपरे तेथल्या तेथे उतरवण्यात आली, म्हणजे रात्री परत येऊन निजण्याचीही सोय राहिली नाही. काही जण लेटरकेनीच्या निराधारांसाठीच्या श्रमगृहात (वर्कहाउसमध्ये) गेले, आणि तरुणांपैकी बरेच जण वर्गणीच्या पैशांतून ऑस्ट्रेलियाला रवाना झाले. बटाट्याच्या महादुष्काळातून वाचलेल्या या माणसांवर जेमतेम दहा वर्षांनी ही वेळ आली होती. वाड्याभोवतीची बाग खरोखर देखणी आहे, आणि २००१पासून या उद्यानात सोनेरी गरुड पुन्हा सोडण्यात आले याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या शांततेचे लेखिकेने कौतुक केले आहे, ती सगळीच निसर्गाने दिलेली नाही, हे वाचकाला कळायला हवे होते.

येथून काही मैलांवर मकिश डोंगराच्या खिंडीत एक लहानसा दगडी पूल आहे. लेखात त्याचा उल्लेख नाही आणि प्रवासी कंपन्यांच्या बसही तेथे सहसा थांबत नाहीत. परदेशी निघालेल्या माणसाला पोचवायला घरचे लोक या पुलापर्यंत येत; पुढे तो एकटाच डेरीच्या बंदराकडे चालू लागे. त्याला 'अश्रूंचा पूल' म्हणतात. 'येथे ताटातूट होत असे' अशा अर्थाचे आयरिश शब्द शेजारच्या दगडावर कोरलेले आहेत. मुलाला निरोप देण्यासाठी विमानतळाच्या काचेपर्यंत गेलेली मी आई आहे, आणि त्या पुलावर मला बराच वेळ बोलता आले नाही. गार्टनच्या तळ्यानजीक एक शिळा आहे. निघण्याच्या आदल्या रात्री तिच्यावर निजले की परदेशात घरची आठवण छळत नाही, असा लोकांचा विश्वास होता.

जी माणसे राहिली, तीही या प्रदेशात दिसतात, फक्त थांबून पाहावे लागते. ग्लेनकोलमकिल येथे फादर जेम्स मॅकडायर यांनी गाव सोडून जाणाऱ्यांचा ओघ रोखण्यासाठी बरेच उद्योग उभे केले, आणि १९६७ साली गावकऱ्यांच्या हातांनी शाकारलेल्या घरांचे लोकसंग्रहालय उभारले. त्या घरांची छपरे समुद्रवाऱ्याने उडू नयेत म्हणून वरून दोर आवळून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधलेली आहेत. याच पश्चिम किनाऱ्यावर आयरिश ही बोलण्याची भाषा असून रस्त्यावरील पाट्यांवर गावांची नावे केवळ आयरिशमध्ये असतात. नकाशावर डंग्लो शोधणाऱ्याला पाटीवर 'अन क्लोखान लीअ' वाचावे लागते. लेखासोबत दोन्ही नावांचा नकाशा द्यावा, अशी विनंती आहे.

मॅलिन हेड आणि फॅनडचे दीपगृह यांविषयी लेखात पुरेसे आले आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती करत नाही. पुरवणीचा पुढील भाग याच किनाऱ्यावर असल्याचे जाहीर झाले आहे. त्यात ग्लेनव्हेच्या छायाचित्राखाली १८६१ हे वर्ष आणि त्या ४७ कुटुंबांचा उल्लेख एका ओळीत तरी यावा. त्या पुलाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. आपण कळवल्यास पाठवून देईन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा