लीड टाइमचं विचलन शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लॉजिस्टिक्समध्ये पीएचडी करायची तर मॉडेलला हात लावण्याआधी आकडे पारखायचे, हा तुमचा हट्ट. त्याबद्दल हे जाहीर आभार.

सुरक्षित साठ्याचंच, म्हणजे माल अचानक कमी पडू नये म्हणून ठेवलेल्या जादा मालाचंच घ्या. रोजची मागणी सरासरी १०० नग, तिचं प्रमाण विचलन २०, मागवलेला माल यायला (हाच लीड टाइम) सरासरी ९ दिवस. नुसती मागणीच हलते असं धरलं, तर २० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ६०. पण माल येण्याच्या दिवसांतही २ दिवसांचं विचलन असेल, तर ९ × ४०० (दिवस गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग) अधिक १०,००० × ४ (मागणीचा वर्ग गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग), एकूण ४३,६००. वर्गमूळ सुमारे २०९. ९५ टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणा: पहिल्या हिशेबाने ९९ नग, दुसऱ्याने ३४३. मागणीचा अंदाज कितीही सुधारला तरी इथे फारसं हाती लागत नाही. खरी मेख पुरवठादाराच्या अनियमितपणात आहे. शिवाय हे ९५ टक्के म्हणजे मागवलेला माल येईपर्यंत साठा न संपण्याची शक्यता. ९५ टक्के मागणी पुरी होईल, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रबंधांत ही गल्लत हमखास सापडते.

माल संपलेल्या दिवशीची शून्य विक्री ही शून्य मागणी नसते, हेही तुमचंच.

वाहनांच्या मार्गनियोजनात क्लार्क आणि राइट यांची १९६४ ची बचत पद्धत (फेऱ्या जोडून अंतर वाचवणारी) पाच-सहा ग्राहकांवर कागदावर सोडवायला लावलीत, ते बरं झालं. वेळेच्या मर्यादा आल्या की ‘बिग-एम’, म्हणजे लागू नसलेली अट निष्प्रभ करणारा मोठा आकडा येतो, आणि तिथे आळस नडतो. एम दहा लाख ठेवला आणि सॉल्व्हरची (गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरची) पूर्णांक-सूट, म्हणजे पूर्णांकापासून ढळायची मुभा, ०.००००१ असली, तर ‘शून्य’ म्हणवणारं चल अट १० एककांनी गुपचूप सैल करतं. म्हणून प्रत्येक जोडीसाठी एम वेगळा काढायचा: आधीच्या ग्राहकाची शेवटची वेळ, अधिक सेवेचा वेळ, अधिक प्रवास, वजा पुढच्याची सर्वात लवकरची वेळ, उत्तर ऋण आलं तर शून्य. एवढ्याने सर्वोत्तम उत्तराच्या अंदाजाची सीमाही घट्ट होते.

सॉलोमनच्या ५६ उदाहरणांवर (वेळमर्यादांच्या मार्गनियोजनाच्या ठरलेल्या चाचण्यांवर) ह्युरिस्टिक, म्हणजे झटपट चांगलं उत्तर शोधणारी पद्धत, तपासताना वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या संख्येने) निदान दहादा चालवा, सरासरी आणि लागलेला वेळही छापा, नुसतं सर्वोत्तम उत्तर नको, ही तंबी तर पाठच झाली. कोडिंगचं काय, ते सरावाने येतं.

पुढच्या मसुद्यात प्रत्येक एमचा हिशेब परिशिष्टात जोडला आहे.

आपले,
संशोधक विद्यार्थी