वहिनी, माझे बरे-वाईट दोन्ही दिवस खरे मानलेस म्हणून

प्रिय वहिनी,

आभार मानलेले तुला चालत नाहीत. 'घरच्या माणसांत कसले आभार' म्हणून तू विषय बदलतेस. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. इथे विषय बदलायची सोय नाही.

माझा आजार दिसत नाही ही त्याची निम्मी अडचण, आणि तो रोज सारखा नसतो ही उरलेली निम्मी. सकाळी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, हाताची बोटं थंडगार. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांच्यात बसून खिदळतेय. बघणाऱ्याने काय समजायचं? बहुतेकांनी सोयीचं तेच समजून घेतलं. 'काल तर चांगली ठणठणीत होतीस!' हे इतक्यांदा ऐकलं, की बरं वाटायला लागलं तरी धास्ती वाटायची. आज हसले तर उद्याची चक्कर खोटी ठरणार. लोकांच्या समाधानासाठी बऱ्या दिवशीही चेहरा थोडा पाडून ठेवायची पाळी आली होती.

तू ते वाक्य कधीच बोलली नाहीस. 'आज कसंय?' एवढंच विचारायचीस. बरंय म्हटलं की बरं, नाही म्हटलं की नाही. कालचा हिशेब मागितला नाहीस.

तोवर ईसीजी झाला होता, इको झाला होता, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं नॉर्मल. 'रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका' असं म्हणून मला घरी पाठवलं जायचं. ते ऐकून टेन्शन नसलेल्या माणसालाही येईल, पण ते असो. ती फाइल चाळता चाळता तू सहज म्हणालीस, "तुला त्रास होतो उभं राहिल्यावर, आणि हे सगळे तपासतात आडवं झोपवून." इतकं साधं होतं ते, आणि तोवर कुणालाच सुचलं नव्हतं.

मग तू बीपीचं मशीन आणि वही घेऊन बसलीस. आधी मला शांत पडून राहायला लावलंस, आकडे लिहिलेस. नंतर उभं केलंस. मागे खुर्ची ठेवलीस, स्वतः हाताच्या अंतरावर उभी राहिलीस आणि बोलायची बंदी घातलीस. दंडावरचा पट्टा फुगायचा, सुटायचा, तू आकडा टिपायचीस, पुन्हा बटण दाबायचीस. पडून असताना नाडी 72 होती. दहाव्या मिनिटाला 118. बीपी मात्र जवळजवळ होतं तिथेच. मध्येच तुझं लक्ष खाली गेलं. "पाय बघ तुझे." पावलं जांभळट लाल झाली होती. बोटाने दाबलं की पांढरा ठसा उठायचा आणि भरायला वेळ लागायचा. तेही तू वहीत लिहिलंस, वेळेसकट.

ती वही पाहून डॉक्टरांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमधले दाब ओळखणारे मज्जातंतू लगेच खबर देतात, स्वायत्त (आपोआप चालणारी) मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळते, नाडी थोडी वाढते आणि आपल्याला यातलं काही कळतही नाही. माझ्या रक्तवाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, म्हणून सगळी भरपाई हृदयाला धावून करावी लागते. बीपी फारसं न पडता उभं राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी 30 किंवा त्याहून जास्त वाढत असेल (12 ते 19 वयात 40), त्यासोबत असा त्रास होत असेल, तो तीन महिन्यांहून जुना असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला पॉट्स (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे उभं राहिलं की नाडी धावण्याचा आजार) म्हणतात. नंतर टिल्ट टेबलवर बांधून टेबल उभं केलं तेव्हाही तुझ्या वहीतलंच निघालं. हे नाव 1993 सालचं. पण 1871 मध्येच डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सैनिकांमधल्या धडधडीचं बरंच मिळतंजुळतं वर्णन करून ठेवलंय, हे कळल्यावर तू म्हणालीस, "मग त्या सैनिकांनाही टेन्शन घेऊ नका म्हणाले असतील." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी मोकळी हसले.

निदान झाल्यावरही तू वही बंद केली नाहीस, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झोप, पाळी, उकाडा, जेवण, पाणी असे रकाने आखलेस. उकाड्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, भरपेट जेवलं की रक्त आतड्यांकडे जातं, रात्रभरात अंगातलं पाणी कमी होतं म्हणून सकाळ वाईट. एकेका गोष्टीने फार बिघडत नाही, दोन-तीन एकत्र आल्या की मी कोलमडते. माझे दिवस लहरी नव्हते, त्यांना कारणं होती. ती रकान्यांत दिसली तेव्हा 'आपण नाटक तर करत नाही ना' ही माझ्याच मनातली शंका गेली. इतरांची जायला अजून वेळ आहे.

रांगेत उभे असलो की तू नुसतं "पाय!" म्हणतेस. मी पायांची कात्री करून मांड्या आवळते आणि अंधारी मागे हटते. शेजारच्यांना वाटतं, तुझा पाय मी तुडवला. कमरेपर्यंतचे ते घट्ट मोजे चढवताना आपल्या दोघींची होणारी झटापट मी इथे सांगत नाही.

तू मला नुसतं जपलंही नाहीस. वाईट दिवशी बाकीचे 'पडून राहा' म्हणायचे, तू बसून करायची कामं पुढ्यात आणून ठेवायचीस. आणि बऱ्या दिवशी मी साचलेलं सगळं उरकायला निघाले की दारात उभी राहायचीस. त्यावरून आपण भांडलोय. मला तेव्हा तुझा रागच आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही कधीकधी येतो.

मी बरी झालेले नाही. एका गोळीने नाडी आवरली पण दिवसभर गळून जायचे, ती बदलली. पडून आणि बसून करायचे व्यायाम हळूहळू वाढतायत. मध्ये तापाने सगळं महिनाभर मागे गेलं. तेव्हाही तू नवं पान काढून तारीख घातलीस, बाकी काही बोलली नाहीस.

आता एक काम. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला अगदी असंच होतंय आणि तिलाही सगळं नॉर्मल म्हणून परत पाठवलंय. तुझी पद्धत मी तिला सांगितली आहे: आधी पडून, मग उभं, मागे खुर्ची, जवळ माणूस, आणि फार गरगरलं की लगेच बसायचं. मीठ वाढवण्याचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस म्हटलंय. मला डॉक्टरांनी जास्त मीठ खायला सांगितलं म्हणून तिला चालेलच असं नाही, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर उलटंच व्हायचं. तिला तुझा नंबर दिलाय. तुला न विचारता दिलाय, पण तू नाही म्हणणार नाहीस. रकाने कसे आखायचे ते तिला तूच सांग, माझं अक्षर तिला लागत नाही.

तुझी,
धाकटी नणंद