अक्कांना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाई अक्कांस,
साष्टांग नमस्कार.

एकाच वाड्यात राहत असूनही मी तुम्हाला पत्र लिहीत आहे, आणि तेही चारचौघांनी वाचावे असे, याचे तुम्हाला नवल वाटेल. घरात मी आभाराचा विषय काढला की तुम्ही ‘बास की आता’ म्हणून चुलीकडे वळता. शिवाय, तुमच्याविषयी भावकीत जे बोलले गेले ते पारावर, सर्वांदेखत बोलले गेले. तेव्हा त्याचे उत्तर माजघरात कुजबुजून देण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले, ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. दोन सोयाबीन हातची गेली होती आणि माझे डी.एड.चे प्रमाणपत्र शिक्षक भरतीची वाट पाहत ट्रंकेत पडून होते. ओळखीतून अंधेरीच्या एका घरी नऊ महिन्यांचे बाळ सांभाळण्याचे काम चालून आले. मुंबईत या कामाला ‘नॅनी’ म्हणतात, मुले मात्र मावशीच म्हणतात. राहणे-जेवण त्यांच्याकडे आणि पगार १२,००० रुपये. अट एकच होती : त्या कुटुंबाचा मनालीला हॉटेलचा व्यवसाय असल्याने हंगाम येईल तसे मुलासोबत वर-खाली करावे लागेल. माझी लेक, आपली राणी, तेव्हा तीन वर्षांची होती. मी निर्णय घेऊ शकले नाही. तो तुम्ही घेतलात. ‘तू जा, पोरगी माझ्याजवळ झोपती,’ एवढे बोलून तुम्ही तिची गोधडी उचलून आपल्या खोलीत नेलीत.

पुढच्या नऊ वर्षांत मी तिकडे कशी राहिले, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाही. फोनवर ‘सगळे बरे आहे’ म्हणत असे. वस्तुस्थिती अशी होती की वर्षातील सात-आठ महिने मी अंधेरीच्या अकराव्या मजल्यावर असे, जिथून खाली पाहिले की माणसे मुंग्यांएवढी दिसत. उरलेले महिने मनालीत, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर. विमानाने चंदिगड आणि तिथून मोटारीने आठ-नऊ तासांचा घाट. विमान उतरताना बाळाचे कान दुखू नयेत म्हणून नेमके त्या वेळी त्याला दूध पाजायचे, मंडीच्या पुढे वळणे सुरू झाली की त्याच्या उलट्या ओंजळीत झेलायच्या, आणि थंडी कितीही असली तरी गाडीतल्या त्याच्या सीटचा पट्टा लावण्याआधी जाड जॅकेट काढायचे, कारण जॅकेटातला कापूस दबला की घट्ट वाटणारा पट्टा प्रत्यक्षात सैल असतो. ही विद्या मला डी.एड.ला कोणी शिकवली नव्हती.

पहिल्या हिवाळ्यातली एक फजिती मात्र सांगायलाच हवी. त्या घरी स्वयंपाकाला असलेल्या तिथल्याच बाईंनी रात्री न्हाणीघरातला नळ मुद्दाम थोडा उघडा ठेवला होता. मध्यरात्री ती टपटप माझ्या कानी पडली. ज्या गावात टँकर आला की भांडण करून दोन घागरी मिळवाव्या लागतात, तिथली मी. मला ते पाणी वाया जाताना ऐकवेना. अंथरुणातून उठले, बर्फासारख्या फरशीवरून अनवाणी गेले, नळ घट्ट बंद केला आणि पुण्य केल्याच्या समाधानाने झोपले. सकाळी एकाही नळाला पाणी नाही. पाणी वाहते ठेवले तर सहजी गोठत नाही, म्हणून तो नळ उघडा ठेवलेला होता. माझ्या काटकसरीने नळातले पाणी गोठून बसले होते. दुपारपर्यंत सगळे घर माझ्या नावाने किटल्यांतून गरम पाणी आणून नळांवर ओतत होते. त्याच दुपारी तुमचा फोन आला, आणि मागून टँकरपाशी चाललेली बायकांची भांडणे ऐकू आली. राणीला कडेवर घेऊन तुम्ही रांगेत उभ्या होता. मी नळाचे तुम्हाला काहीच सांगितले नाही. सांगायला शब्द होते, तोंड नव्हते.

तिथल्या थंडीशी माझे कधी पटले नाही. पायाची बोटे सुजून लाल होत आणि रात्री त्यांना अशी खाज सुटे की झोप येत नसे. गारठलेले पाय एकदम शेगडीजवळ नेले की ते दुखणे वाढते, हे त्या स्वयंपाकाच्या बाईंनी मला रागावून शिकवले. त्या शेगडीला तिकडे तंदूर म्हणतात. पत्र्याची असते, तिचा नळा छतातून बाहेर जातो आणि हिवाळाभर घर तिच्याभोवती बसलेले असते. मी लातूरहून नेलेली तुरीची डाळ उघड्या पातेल्यात काही केल्या शिजेना, कारण त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. कुकरलाही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागत. लातूरची डाळ आणि शिजत नाही, हा अपमान मी बरेच दिवस मनावर घेतला होता.

आता राणीच्या पायाच्या मापाच्या दोऱ्याविषयी. राणीचा पाय वाढत होता आणि मी समोर नव्हते, म्हणून तुम्ही दर दिवाळीला आणि दर पाडव्याला तिला भिंतीशी उभी करून टाचेपासून अंगठ्यापर्यंत काळा दोरा धरत होता, गाठ मारून कापत होता आणि मुंबईला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती लातूर एक्स्प्रेसने पाठवत होता. आधीचा दोरा मी टाकून देत नसे. नवा आला की दोन्ही शेजारी ताणून पाहायची. माझ्या लेकीची वाढ मी अशी पाहिली : कधी बोटाचे अर्धे पेर, कधी त्याहून थोडे अधिक. मनालीच्या बाजारात हाताने विणलेले लोकरी मोजे मिळतात. त्या दोऱ्यावर माप धरून मी ते घेई. लातूरच्या उन्हाळ्यात लोकरी मोजे पाठवणारी आई वेडीच म्हणायची, पण तुम्ही कधी हसला नाहीत. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, पहाटे शेतात पूजेला जाताना तुम्ही तिला तेच मोजे घालत होता, हे मला पुढे फोटोंत दिसले.

येळवस आली की मला तिकडे राहवत नसे. एका अमावस्येला मी मुलाला घेऊन हिडिंबा देवीच्या देवळात गेले. देवदाराच्या दाट झाडीत उभे असलेले हे लाकडी देऊळ १५५३ सालचे आहे. पायरीवर बर्फ होता. इकडे तुम्ही सगळे त्याच वेळी शेतातल्या कडब्याच्या कोपीत (खोपटात) पाच पांडव मांडून आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवत असणार, आणि तिकडे मी त्या पांडवांपैकी एकाच्या बायकोपुढे, दुसऱ्याचे लेकरू कडेवर घेऊन उभी होते. पांडव पुढे निघून गेले, घटोत्कचाला मात्र हिडिंबेनेच वाढवले. तिला कोणी थोरली जाऊ होती की नाही, कोण जाणे. द्रौपदीकडून तशी अपेक्षा मी तरी ठेवली नसती.

मार्च २०२० मध्ये आम्ही वर मनालीत असतानाच टाळेबंदी लागली. रेल्वे बंद, विमाने बंद. विमाने पुन्हा सुरू झाली ती २५ मे रोजी, आणि मी गावी पोचले जूनमध्ये. त्या दोन महिन्यांचा माझा पगार निम्मा झाला, याबद्दल मी तेव्हाही तक्रार केली नाही. पण काम निम्मे झाले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते. विलगीकरणाचे दिवस शाळेच्या खोलीत काढून मी घरी आले, तेव्हा राणीला दुकानापर्यंत माझ्यासोबत चल म्हटले. तिने तुमच्याकडे वळून विचारले, ‘मोठी आई, जाऊ का?’ तुम्ही ज्वारी पाखडत होता. सूप न थांबवता तुम्ही म्हणालात, ‘मला काय इचारतीस, तिला इचार.’ त्या रात्री मी फार रडले, परंतु तुमच्यावर रागावून नव्हे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र उघडे ठेवले, ते. मी दरमहा तुमच्याकडे ३,००० रुपये पाठवत होते. रक्कम मी ठरवली होती, तुम्ही मागितली नव्हती. त्याचा हिशेब तुम्ही दादांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होता : दूध, दवाखाना, दप्तर, सहलीचे पैसे, उवांचे औषध. तरीही ‘थोरली पैसे घेऊन जावेची पोर सांभाळते’ असे बोलले गेले. अक्का, मीसुद्धा पैसे घेऊनच दुसऱ्याचे पोर सांभाळत होते. मला कोणी लोभी म्हटले नाही. उलट ‘सून मुंबईला नोकरीला आहे’ असे अभिमानाने सांगितले गेले. एकच काम अंधेरीत केले तर नोकरी आणि आपल्या औसा तालुक्यात केले तर हाव, हा कुठला न्याय? खरे तर माझ्या पगाराच्या मानाने तुमचा मेहनताना फार कमी होता, आणि तुम्हाला रविवारची सुटीही नव्हती. मी ते मूल झोपले की माझ्या खोलीत जाऊ शके. तुमच्या खोलीतच राणी झोपत होती.

त्या घरची दोन्ही मुले आता शाळेत जातात. माझे काम गेल्या वर्षी संपले. मी गावातच शिकवणी घेते, आणि सातवीतली राणी चपला घ्यायला स्वतः दुकानात जाते, त्यामुळे दोरा लागत नाही. अठरा दोरे मी मनालीहून आणलेल्या चहाच्या डब्यात ठेवले आहेत. तुम्हाला पाहायचे असतील तर फडताळाच्या वरच्या कप्प्यात आहेत.

यंदाच्या येळवशीला भज्जीच्या शेंगा सोलायला तुम्ही बसू नका, ते मी आणि राणी करू. आंबील मात्र तुम्हीच करा. मी मागच्या वेळी केलेली मातीच्या बिंदग्यातच राहिली होती.

तुमची धाकटी जाऊ