फाटलेल्या कडा

पुणे, १२ जून

प्रिय मन्या,

पत्र मिळालं. सौरघटात प्लॅटिनम सोडून मी कार्बनच्या मागे का लागलो, असं विचारलंयस. सविस्तरच सांगतो.

आमचा सौरघट रंगद्रव्यावर चालतो. १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी तो जगापुढे आणला. ऊन पडलं की रंगद्रव्यातून इलेक्ट्रॉन सुटतो, टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरातून तारेत जातो आणि फिरून समोरच्या वीजवाहक काचेवर पोहोचतो. तिथे दोन काचांमधल्या द्रावणातला ट्रायआयोडाइड (आयोडीनचा आयन) इलेक्ट्रॉन घेऊन आयोडाइड होतो आणि रंगद्रव्याची उणीव भरून काढतो. नुसत्या काचेवर हे फार रेंगाळतं, म्हणून तिथे उत्प्रेरक लागतो. आजवर तो मान प्लॅटिनमचा. थर अगदी पातळ लागतो खरा, पण धातू दुर्मीळ आणि महाग.

कार्बनमध्ये मला जे सापडलं त्याने मी अक्षरशः भारावून गेलोय. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचा, पापुद्रा अखंड, निर्दोष असला तर त्यातून वीज झकास वाहते, पण ही अभिक्रिया त्यावर जेमतेम होते. खरं काम होतं कडांवर, जिथे अणूंची जाळी तुटलेली असते तिथे. त्यामुळे टायरमध्ये घालतात ती कार्बन ब्लॅकसुद्धा चालते. कण इतके बारीक की कडाच कडा! २००६ साली तिच्यावर ९ टक्के कार्यक्षमता मिळाली. पुढे २०१४ साली लोझानच्याच गटाने १३ टक्के गाठले. द्रावणात आयोडीनऐवजी कोबाल्ट होतं आणि समोरच्या काचेवर ग्राफीनचे सूक्ष्म तुकडे.

आमचं घोडं अडलंय ते चिकटण्यावर. काचेच्या दोन्ही कडांना टेप लावायची, मधे कार्बनची पेस्ट टाकायची, काचेच्या कांडीने एका हातासरशी ओढायची, मग भट्टीत भाजायची. थर दिसतो मखमली, पण बोट फिरवलं की बोट काळं. बाइंडर (कण चिकटवून धरणारं द्रव्य) वाढवला तर थर बसतो, पण कार्बनच्या कडा झाकल्या जातात आणि वीज घटते. सध्या सगळा जीव त्या प्रमाणात अडकलाय. शिवाय थर काळाकुट्ट, त्यामुळे पारदर्शक खिडकीच्या घटांना प्लॅटिनमच बरं, हे मान्य करायलाच हवं.

तुझ्या नववीच्या मुलांना हा घट करून दाखवू या. रंगाला जांभळाचा रस चालतो आणि समोरच्या काचेवर पेन्सिलीचं शिसं (तोही कार्बनच) घासलं तरी पुरतं. वाहक काचा मी आणतो, जांभळं तू बघ. पण लवकर कळव, हंगाम संपत आलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि