पाय घसरला की पायरी सुटली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाण्याची टाकी साफ करणारा मुलगा शिडीवरून ‘पाय घसरून’ पडल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. सोबतचा फोटो छापण्याआधी कोणी नीट पाहिला होता का? शिडीच्या दोन्ही उभ्या अँगलवर समोरासमोर वेल्डिंगचे तुटके टाके दिसताहेत आणि मधली पायरी गायब आहे. पायरीच नाही, तर पाय घसरला कशावरून?

मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आम्ही शिडी करताना उभ्या पट्टीला आरपार भोक पाडायचो, 20 मिमीचा गज त्यातून घालायचो आणि मग सगळीकडून गोल वेल्ड मारायचो. दोन पायऱ्यांत अंतर 300 मिमी. पुढेमागे वेल्ड तडकलाच, तरी गज भोकात बसलेला राहतो. हल्ली अँगलच्या तोंडावर 12 मिमीची टॉर सळई (स्लॅबमध्ये घालतात ती) ठेवतात, दोन्हीकडे एकेक टाका मारतात आणि स्लॅग, म्हणजे वेल्डवरची खपली, न झाडताच वर रेड ऑक्साईडचा रंग फासतात. पाय कडेला पडला की जवळपास सगळे वजन एका टाक्यावर! भोके पाडायला वेळ जातो आणि कोटेशन तर सर्वांत स्वस्तच पास होते.

आमच्याच सोसायटीत टाकीवाल्या पोराच्या हातात वरची पायरी सुटून आली. दुसऱ्या हाताने अँगल धरला होता म्हणून निभावले. टाकीच्या झाकणातून ओल आणि क्लोरीनची वाफ येते, त्यामुळे वरच्याच पायऱ्या आधी गंजतात; आणि झाकण उचलायला एक हात सोडावा लागतो तोही तिथेच. वार्षिक सभेत मी उभा राहिलो, सगळ्या पायऱ्या काढून आरपार बसवा म्हणालो. शिड्यांसाठी आयएस 3696 (भाग 2) हे भारतीय मानक आहे, हेही सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, “काका, ही सोसायटी आहे, कंपनी नाही.” मग पार्किंगचा विषय निघाला आणि शिडी राहिली बाजूला. इतिवृत्तात आले, ‘शिडीस रंग देण्याचे ठरले.’ दिला की! चांगला चंदेरी दिला. सुटलेल्या पायरीच्या जागी नवी सळई, पुन्हा तेच दोन टाके. हातोडीने ठोकून पाहिले, तर शेजारच्या पायरीचाही आवाज बद्द येतो, म्हणजे तिचाही टाका तडकलेला असणार.

आणि हो, ज्या फोटोत पुरावा आहे तो तुम्ही टपाल तिकिटाएवढा छापलात, शेजारी सराफाची जाहिरात अर्धे पान! मला भिंग घ्यावे लागले. अंकाची किंमत वाढवताना तरी वाचकांच्या डोळ्यांचा विचार व्हावा.

त्या शिडीचे बिल कोणी पास केले, एवढे आपल्या बातमीदाराने विचारावे. मुलगा रुग्णालयात शुद्धीवर आहे असे आपणच छापले आहे. पाय घसरला की पायरी सुटली, हे त्यालाही विचारता येईल.

– एक निवृत्त फोरमन, निगडी

(नाव छापू नये. आमचे सेक्रेटरी आपलाच अंक घेतात.)