80एसचा सुळका आणि सपाट पॉलिसोम

केंब्रिज
रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

ताईने फोनवरून पाठवलेला तुझा आलेख नीट पाहिला. खाली तू लिहिलंयस, ‘औषध दिल्यावर यीस्टमधली प्रथिननिर्मिती थांबली.’ इतक्यात तसं लिहू नकोस. 80एसचा (प्रथिनं बनवणाऱ्या सुट्या, अख्ख्या रायबोसोमचा) सुळका उंच आणि पॉलिसोमची (प्रथिनाचा संदेश असलेल्या एकाच एमआरएनएवर ओळीने बसलेल्या रायबोसोमांची) बाजू सपाट, हे चित्र तीन कारणांनी येतं. त्यातली दोन आपल्या हाताळणीतली असतात.

खरं कारण असं: नवे रायबोसोम एमआरएनएवर चढायचे थांबतात आणि आधीचे काम संपवून उतरतात. यीस्टचा रायबोसोम सेकंदाला साधारण 5 अमिनो आम्लं जोडतो असं धर. मग 400 अमिनो आम्लांचं प्रथिन 80 सेकंदांत पुरं होतं. म्हणजे वरून चढणं बंद झालं, तर काही मिनिटांतच पॉलिसोम रिकामे होतात. उतरलेले 40एस आणि 60एस (रायबोसोमचे लहान आणि मोठे भाग) एमआरएनए नसतानाही एकमेकांना चिकटतात, आणि तेच रिकामे 80एस तुझ्या आलेखात सुळका होऊन दिसतात.

दुसरं कारण उपासमार. ग्लुकोज काढून घेतलं की यीस्ट मिनिटभरात नव्या प्रथिनांची सुरुवात थांबवतं. सेंट्रिफ्यूजमधून काढून, माध्यम ओतून, साध्या बफरने निवांत धुतलेल्या पेशी उपाशीच राहतात. म्हणून ओडी (पेशींची गर्दी दाखवणारा गढूळपणा) 0.6च्या आसपास आली की फ्लास्कमध्येच, माध्यमातच, मिलीलीटरला 100 मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाल आणि लगेच बर्फात गार कर. पुढच्या प्रत्येक बफरमध्येही ते तेवढंच हवं. स्ट्रासबर्गच्या गटाने 2011 साली यीस्टच्या अख्ख्या रायबोसोमची रचना दिली आणि 2014मध्ये सायक्लोहेक्झिमाइड नेमकं कुठे बसतं तेही दाखवलं: 60एसच्या ई-जागेत, म्हणजे वापरून झालेला टीआरएनए (अमिनो आम्लं आणणारा रेणू) बाहेर पडण्याच्या जागी. तिथे टीआरएनए सरकू शकत नाही, त्यामुळे रायबोसोम जिथल्या तिथे थांबतो. माणसाच्या पेशींचे रायबोसोमही ते असेच थांबवतं, तेव्हा ग्लोव्हज घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

तिसरं कारण आरएनेझ (आरएनए कापणारं एन्झाइम), आणि माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर आहे. पॉलिसोम म्हणजे एका दोऱ्यातले मणी. आरएनेझ दोन मण्यांमधला उघडा दोरा कापतं आणि प्रत्येक मणी सुटा होऊन 80एसच्या जागी येतो. तू जेलवर 25एस आणि 18एसचे (रायबोसोमच्या आरएनएचे) पट्टे छान आल्याचं लिहिलंस, पण त्याने आरएनेझ निर्दोष ठरत नाही. रायबोसोमचा आरएनए प्रथिनांच्या आड बराच झाकलेला असतो, आधी कापला जातो तो एमआरएनएच.

रिकामे आणि कापलेले 80एस वेगळे ओळखायला मिठाची चाचणी कर. त्याच अर्काचे दोन भाग घे. एक नेहमीच्या 100 मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइडच्या ग्रेडियंटवर (खाली दाट होत जाणाऱ्या साखरेच्या द्रावणावर, ज्यात फिरवल्यावर जड गोष्टी जास्त खाली जातात), दुसरा 500 मिलीमोलरच्या. रिकामे 80एस जास्त मिठात फुटून 40एस आणि 60एस होतात. ज्यांच्यात एमआरएनएचा तुकडा आणि अर्धवट साखळी अडकलेली आहे, ते टिकतात. सुळका टिकला तर दोष आरएनेझचा. फुटला तर चढणं खरंच थांबलं होतं. मात्र औषधामुळे की उपासमारीने, हे कंट्रोल (औषध न दिलेला) फ्लास्कच सांगेल. तोही सपाट असेल तर औषधाबद्दल काहीच बोलता येत नाही. तुझ्या पत्रात कंट्रोलचा आलेखच नाही!

बफर: ट्रिस 20 मिलीमोलर, पीएच 7.5, मॅग्नेशियम क्लोराइड 10, डीटीटी 1. मॅग्नेशियमची काटकसर नको. आरएनएवरचा ऋणभार तेच सावरतं. ते कमी पडलं की दोन्ही भाग सुटतात. हेच उलट वापरून एका नळीत मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए 30 मिलीमोलर घाल. 80एस आणि पॉलिसोम दोन्ही नाहीसे व्हायला हवेत. तरीही तळाशी काही उरलं, तर ते पॉलिसोम नव्हेत. आरएनेझ रोखायला काही जण हेपॅरिन घालतात. ते चालतं, पण त्या अंशांतून पुढे सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करायचा असेल तर टाळ, ती अभिक्रिया अडते.

पेशी फोडताना 0.5 मिलीमीटरचे काचमणी, 30 सेकंद व्हॉर्टेक्स, मग तेवढाच वेळ बर्फ, असं सहा-आठ वेळा. सलग फिरवलं तर नळी तापते. 10 ते 50 टक्के साखरेच्या ग्रेडियंटवर 260 नॅनोमीटरला मोजलेली 10 ते 15 एककं पुरे, जास्त घातलीस तर सुळके एकमेकांत मिसळतात. अर्क नळीच्या कडेने हळू सोड. रोटर थांबताना ब्रेक लावू नकोस, थर ढवळले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं नीट झालं तरी हा आलेख प्रथिननिर्मितीचा वेग दाखवत नाही. रायबोसोम चढले आहेत एवढंच दाखवतो. तुझं औषध जर साखळी लांबवण्याची पायरीच रोखत असेल, तर निर्मिती जवळजवळ शून्य असूनही पॉलिसोम भरगच्च दिसतील. म्हणून प्युरोमायसिनची चाचणी सोबत हवीच: प्युरोमायसिन वाढत्या साखळीला जोडलं जातं आणि त्याच्या अँटिबॉडीने नवी प्रथिनं ब्लॉटवर दिसतात. यीस्टमध्ये ते सहजासहजी शिरत नाही, तेव्हा तुझ्या स्ट्रेनमध्ये ते आत जातं का हे आधी बघ. नाहीतर किरणोत्सारी मेथिओनिन वापर, तुमच्या विभागात परवानगी असेल तर.

आणखी एक, तुझ्या आलेखात दुसऱ्या-तिसऱ्या सुळक्याच्या उजव्या खांद्यावर बारीकसा उंचवटा आहे. तो खरा असेल तर मला त्यातच जास्त रस आहे. 40एस एमआरएनएवर पोचलाय आणि 60एसची वाट बघतोय, असा त्याचा अर्थ होतो. 60एसचा तुटवडा असला की हे दिसतं, आणि तेव्हा सुट्या 60एसचा सुळका 40एसच्या मानाने खुजा होतो. फोटोत ते नीट मोजता येत नाही. मशीनमधली मूळ आकड्यांची फाइल पाठव, कंट्रोल आणि ईडीटीए दोन्हींसकट.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार. आजीच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी
मावशी